ब्लूबेल म्हणून आलेली रुएलिया : लातूरच्या एका घरबागेतील फैलाव आणि त्याचे नियंत्रण

लातूर शहरातील आमच्या घरासमोर साधारण २२ फूट लांब आणि १४ फूट रुंद अशी मोकळी जागा आहे. माती काळी, चिकण आणि खोल आहे. तीत एक लिंबोणी, दोन मोगरे, कढीपत्ता, जास्वंद आणि तुळशी वृंदावन एवढीच बाग आहे. न्हाणीघराचे सांडपाणी कुंपणाच्या भिंतीलगतच्या उघड्या नालीतून पुढे जाते आणि भिंतीपलीकडे एक रिकामा प्लॉट आहे. नाली आणि प्लॉट यांचा उल्लेख आरंभीच करतो, कारण पुढे घडलेल्या प्रकारात दोन्हींचा वाटा मोठा होता.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या उन्हाळ्यात आमच्या घरचा बोअर आटला आणि लिंबोणी सोडून बागेतले जवळजवळ सर्व काही वाळून गेले. त्यामुळे २०१७ च्या जूनमध्ये आईने रोपवाटिकेत गेल्यावर कमी पाण्यावर तग धरणारे आणि भरपूर फुलणारे झाड मागितले, तेव्हा तिला ‘ब्लूबेल’ या नावाने तीन रोपे मिळाली. हिरवी, लांब व अरुंद पाने, काळसर जांभळट दांडे आणि निळसर जांभळी, तुतारीसारखी फुले. रोपे तिने नालीच्या काठाने लावली. त्या दुष्काळानंतर अंगणात पुन्हा फुले दिसू लागली, याचे समाधान आईला किती होते हे आम्ही घरातल्यांनी पाहिले आहे. झाड उपटून टाकण्याचा निर्णय पुढे सहज का घेता आला नाही, याचे कारण त्या समाधानात आहे.

नावाचा गोंधळ

आम्ही प्रथम ‘ब्लूबेल कशी आवरावी’ याचीच माहिती शोधली आणि तिथे आमचे एक वर्ष गेले. इंग्लंडमधील खरी ब्लूबेल, म्हणजे हायसिंथॉइड्स नॉन-स्क्रिप्टा, ही कांद्यापासून येणारी वनस्पती आहे. ती तिकडच्या रानांत झाडांखाली वसंत ऋतूत फुलते, तिला हिवाळ्याची थंडी लागते आणि रानातील ब्लूबेलला ब्रिटनच्या १९८१ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. तिथल्या घरबागांतही ती, आणि विशेषतः तिची स्पॅनिश बहीण, नको तिथे पसरते. तेव्हा तिचे कांदे खणून काढावेत आणि पाने वरचेवर खुडून कांद्याला अन्न मिळू देऊ नये, असा सल्ला दिला जातो. आम्ही तो आमच्या झाडावर वापरला. पाने आणि शेंडे खुडल्याने झाड दुबळे होण्याऐवजी खालून आणखी फुटले आणि पहिल्यापेक्षा दाट झाले.

आमचे झाड मुळात ब्लूबेल नव्हतेच. ते रुएलिया सिम्प्लेक्स होते, ज्याला इंग्रजीत मेक्सिकन पिटुनिया किंवा मेक्सिकन ब्लूबेल म्हणतात आणि जे जुन्या पुस्तकांत रुएलिया ब्रिटोनियाना या नावानेही आढळते. पिटुनियाशीही त्याचा संबंध नाही. ते अडुळसा, अबोली आणि कोरांटी यांच्या कुळातले असून मूळचे मेक्सिको, वेस्ट इंडीज आणि दक्षिण अमेरिकेतले आहे. अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यात शोभेसाठी लावलेले हे झाड बागांतून निसटून ओढ्याकाठच्या आणि पाणथळ जागांत इतके माजले की तिथे त्याची गणना पहिल्या श्रेणीच्या आक्रमक वनस्पतींत होते. घाणेरीही आपल्याकडे शोभेचे झाड म्हणूनच आली होती, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही. झाडाचे खरे नाव कळेपर्यंत त्याच्या वाढीची रीत कळत नाही आणि ती कळेपर्यंत केलेला प्रत्येक उपाय अंदाजाने केलेला असतो, हे आम्हाला या एका वर्षात पटले.

२०२० ची खोदाई

२०१८ अखेर तीन रोपांची नालीकाठी एक सलग ओळ झाली होती. २०१९ च्या पावसाळ्यात फुटवे मोगऱ्याच्या आळ्यात आले आणि दिवाळीपर्यंत लिंबोणीच्या आळ्यातही दिसू लागले. २०२० च्या टाळेबंदीत घरातील सर्वच जण घरी होते. तेव्हा मे महिन्यात आम्ही सगळी जागा कुदळीने खणून काढली.

ही कल्पना आईची होती आणि तिच्यामागे शेतीतला पक्का अनुभव होता. आमच्या भागात हराळी आणि कुंदा यांनी जमीन धरली की उन्हाळ्यात खोल नांगरट करतात. ढेकळांबरोबर वर आलेल्या काड्या मे महिन्याच्या उन्हात करपतात, उरलेल्या वेचून बांधावर टाकतात आणि पेरणीपर्यंत रान स्वच्छ होते. शेतात ही रीत खरोखर उपयोगी पडते. अंगणात ती फसली. शेतात मे महिन्यात पाण्याचा थेंब नसतो, त्यामुळे उघडी पडलेली काडी आठ-पंधरा दिवस तापून मरते. अंगणात मात्र लिंबोणी आणि मोगऱ्याला दिवसाआड पाणी द्यावेच लागते आणि तेच पाणी खणलेल्या मातीत उतरले. त्यातच मे महिन्यातली काळी माती दगडासारखी होती. कुदळीच्या प्रत्येक घावाला ढेकूळ फुटे आणि त्याबरोबर आतल्या आडव्या खोडाचे चार-पाच तुकडे होत. उसाच्या प्रत्येक कांडीला डोळा असतो आणि बेणे लावले की प्रत्येक डोळा फुटतो, हे लातूर जिल्ह्यात कोणाला सांगावे लागत नाही. आम्ही नकळत बेणेच तोडून, विखरून त्याला पाणीही दिले होते. मृगाचा पाऊस झाल्यावर पंधरा दिवसांत, जिथे पूर्वी एकही फुटवा नव्हता तिथेही जांभळट कोंब वर आले.

२०२१ मध्ये नालीच्या संपूर्ण काठावर आणि पलीकडच्या प्लॉटच्या कडेलाही रोपे दिसली. प्लॉटच्या मालकांनी सौजन्याने, पण स्पष्ट शब्दांत तक्रार केली. ती रास्त होती.

दोन वाटा आणि तिसरी पाण्याची

त्यानंतर आम्ही खोदाई थांबवली आणि एक हंगाम केवळ निरीक्षण केले. या संपूर्ण प्रकरणात सर्वांत उपयोगी ठरलेला काळ हाच, असे माझे मत आहे.

पहिली वाट जमिनीखालची. या झाडाचे आडवे खोड, ज्याला वनस्पतिशास्त्रात मूलक्षोड म्हणतात, आमच्या जमिनीत बहुतेक ठिकाणी वरच्या नऊ इंचांतच पसरलेले आढळले. ते फार खोल जात नाही, ही समाधानाची बाब होती. मात्र ते लिंबोणीच्या मुळ्यांमध्ये गुंतते, विटांच्या सांध्यांतून पलीकडे जाते आणि त्याचा पेर असलेला बोटभर तुकडाही पुन्हा फुटतो.

दुसरी वाट बियांची. प्रत्येक फूल पहाटे उमलते आणि संध्याकाळच्या आत गळून पडते, म्हणून झाड नेहमी ताजे दिसते. पण गळलेल्या फुलामागे एक बारीक, हिरवी शेंग वाढू लागते, हे सहसा लक्षात येत नाही. शेंग वाळून तपकिरी झाली की उभी दुभंगते आणि आतल्या चपट्या बिया जोराने दूर उडतात. आमच्या फरशीवर आठ-नऊ फुटांवर पडलेल्या बिया आम्ही वेचल्या आहेत. याच प्रजातीच्या एका दुसऱ्या जातीवर, रुएलिया सिलियाटिफ्लोरावर, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की तिच्या चकतीसारख्या बिया उडताना सेकंदाला सुमारे १,६०० फेरे घेतात, त्यामुळे हवेत स्थिर राहतात आणि सात मीटरपर्यंत पोहोचू शकतात. आमच्या झाडाला पोहोचायला कुंपणाची भिंत पुरेशी जवळ होती. बी ओले झाले की त्यावर भिजवलेल्या सब्जासारखा बुळबुळीत थर येतो. त्या थराने ते मातीला, खुरप्याला आणि चपलेच्या तळव्यालाही चिकटते.

काळ्या मातीचा एक विशेष येथे सांगितला पाहिजे. उन्हाळ्यात या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि वर पडलेल्या बिया त्या भेगांत उतरतात. पाऊस पडल्यावर माती फुगून भेगा मिटतात आणि बी आत राहते. ते खोलवर असेपर्यंत उगवत नाही, पण पुढे कधी खणताना माती वर-खाली झाली की उगवते. यंदा एकही शेंग पिकू दिली नाही, तरी पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांत रोपे का येत राहतात, याचा उलगडा आम्हाला येथे झाला.

तिसरी वाट नालीची होती. या झाडाला ओल प्रिय आहे. कमी पाण्यावर ते जगते हे खरे, पण पाणी मिळाले की माजते. नालीतून वाहून आलेल्या बिया जिथे गाळ साचतो तिथे उगवत होत्या आणि खणताना नालीत पडलेले तुकडेही तिथेच रुजत होते.

वाफशावरची खोदाई

२०२२ च्या जूनपासून काम पद्धतशीर सुरू केले. सुतळी लावून जागेचे चौकोन पाडले आणि एका वेळी दोनपेक्षा अधिक चौकोन हाती घ्यायचे नाहीत असे ठरवले.

कोरड्या काळ्या मातीत खोड तुटते आणि ओल्या मातीत चिखल होऊन काहीच दिसत नाही. मधली अवस्था, म्हणजे वाफसा, हीच या कामाची वेळ आहे. पाऊस उघडल्यावर तीन-चार दिवसांनी आम्ही मूठभर माती दाबून गोळा करायचो आणि तो कमरेइतक्या उंचीवरून खाली सोडायचो. गोळा पडून भुगा झाला तर वाफसा आला, चपटा होऊन तसाच राहिला तर अजून थांबायचे. वाफशावर माती भुसभुशीत असते, त्यामुळे कुदळीऐवजी चार दातांचा फोर्क घालून माती नुसती उचलली की हातभर लांबीची खोडे सलग निघतात. पांढरट खोड हाती लागले की ते ओढायचे नाही. त्याच्या दिशेने पुढची माती सैल करत जायचे आणि शेवट हाती आला की मगच उचलायचे. लिंबोणीच्या आळ्यात फोर्कही वापरला नाही. तिथे बसून, खुरप्याच्या टोकाने आणि बोटांनी माती बाजूला केली. एका चौकोनाला दीड-दोन तास लागत. हे काम मजुरीवर देऊन उरकत नाही. आम्ही एकदा दिले होते आणि त्या चौकोनात सर्वांत अधिक तुकडे राहिले.

निघालेले काहीही कंपोस्टच्या खड्ड्यात टाकले नाही. घमेल्यात गोळा करून सर्व गच्चीवर नेले, जुन्या बारदानावर पातळ पसरले आणि पावसाळ्यात वर प्लास्टिक झाकले. ज्या गच्चीवर उन्हाळ्यात कुरडया आणि सांडगे वाळतात, तिथे हेही कडक वाळवले. काडी वाकवल्यावर कट्कन मोडली की ती मेली असे समजायचे. जी वाकते ती अजून जिवंत आहे. मोडणारी काडीच खड्ड्यात गेली.

खणलेला चौकोन दर आठ दिवसांनी पाहायचा आणि नवा कोंब चार पाने होण्याआधी मुळासकट काढायचा, हा नियम होता. कोंब वर आला की तो आतल्या तुकड्यात साठलेल्या अन्नावर वाढत असतो. पाने मोठी झाली की तो पुन्हा अन्न साठवू लागतो. त्याला ती संधी न देणे, एवढाच या नियमाचा अर्थ आहे. शेंगांसाठी रविवार ठरवला होता. शेंग हिरवी असतानाच कात्रीने कापायची. तपकिरी शेंग दिसलीच तर आधी दांड्यावर कापडी पिशवी चढवायची, मग दांडा कापायचा. आई आणि माझी मुलगी हे काम करत आणि त्यात एकही रविवार चुकला नाही, निदान पहिल्या वर्षी.

ज्या चौकोनांत मोठ्या झाडांची मुळे नव्हती, तिथे २०२३ च्या एप्रिलमध्ये मातीला ऊन दिले. धुण्याचे शेवटचे, साबण नसलेले पाणी साठवून जमीन चांगली भिजवली, वर पारदर्शक प्लास्टिक ताणून अंथरले, कडा मातीत पुरल्या आणि सहा आठवडे तसेच ठेवले. प्लास्टिक काळे नको, पारदर्शकच हवे, कारण त्यातून ऊन आत जाते आणि उष्णता अडकते. माती ओली हवी, कारण ओल्या मातीत उष्णता खाली उतरते आणि ओलावलेले बी ती सोसू शकत नाही. या उपायाने वरच्या दोन-तीन इंचांतले बी बरेच मेले असावे, कारण त्या चौकोनांत पुढे रोपे फारच थोडी आली. खाली राहिलेल्या खोडाच्या तुकड्यांवर मात्र त्याचा परिणाम जाणवला नाही, म्हणून खोदाई आधी आणि ऊन नंतर हाच क्रम योग्य.

फरशीची आडकाठी आणि तिचे अपयश

नालीकडचा फैलाव रोखण्यासाठी आम्ही शहाबादी फरशीचे फूटभर रुंद तुकडे जमिनीत उभे पुरले होते. वर दोन इंच कड ठेवली होती. पहिल्या पावसाळ्यात ही आडकाठी उत्तम वाटली. पण काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. वर्षभरात फरशा एकमेकींपासून सरकल्या, सांध्यांत बोट जाईल एवढ्या फटी पडल्या आणि त्या फटींतूनच खोडे पलीकडे गेली. मुरमाड जमिनीत कदाचित ही आडकाठी टिकली असती. काळ्या मातीत सांधे सिमेंटने भरले तरी ते पुन्हा तडकतात, हेही आम्ही करून पाहिले. अखेर फरशा काढल्या, नाली पक्की करून घेतली आणि तिच्या तोंडाशी बारीक जाळी बसवली. जाळीवर साचलेला गाळ आठवड्यातून एकदा काढून वाळवला जातो. प्लॉटच्या मालकांच्या संमतीने कुंपणापलीकडची रोपेही पावसाळ्यापूर्वी आम्हीच काढतो.

जे केले नाही

शेजाऱ्यांनी मीठ टाकण्याचा सल्ला दिला होता. मिठाने झाड मरते, पण काळ्या चिकणमातीत सोडियम वाढला की मातीचे कण विस्कटतात, पाणी मुरत नाही आणि जमीन चोपण होते. एका झाडासाठी लिंबोणीखालची जमीन चोपण करणे आम्हाला मान्य नव्हते. ग्लायफोसेट या तणनाशकाचाही विचार झाला. केंद्र सरकारने २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये त्याचा वापर केवळ पेस्ट कंट्रोल ऑपरेटरांमार्फतच करण्याचा आदेश काढला. त्याहीपलीकडे, हे औषध ज्या हिरव्या पानावर पडेल ते झाड मारते आणि आमच्याकडे रुएलियाची पाने मोगरा आणि कढीपत्ता यांच्या पानांत मिसळलेली होती. तुळस आणि कढीपत्ता रोज घरात वापरला जातो, तिथे फवारणीला आईने नकार दिला. तो नकार मला पूर्णपणे योग्य वाटतो.

२०२३ चा भ्रम

त्या वर्षी पावसाने मोठी ओढ दिली. देशभरात १९०१ नंतरचा तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. अंगणात कोंब जवळजवळ दिसेनासे झाले आणि आम्ही ते आपल्या श्रमाचे फळ समजलो. आठ दिवसांची पाहणी महिन्यावर गेली, रविवारची कात्रीही थांबली. प्रत्यक्षात जमिनीत राहिलेले तुकडे ओल नसल्याने स्वस्थ होते. २०२४ चा पाऊस चांगला झाला आणि जुलैअखेर जास्वंदीच्या मागे व पायरीच्या कोपऱ्यात दाट पुंजके उभे राहिले. त्यांतील एकावर तपकिरी शेंगाही होत्या. दोन चौकोन पुन्हा पहिल्यापासून खणावे लागले. दुष्काळी वर्षावरून या झाडाचा बंदोबस्त झाला की नाही हे ठरवता येत नाही, म्हणून आता पाहणी पावसावर अवलंबून ठेवलेली नाही.

सद्यस्थिती

मोकळी झालेली माती उघडी ठेवलेली नाही. नालीच्या काठी निळसर जांभळ्या फुलांची कोरांटी आणि भिंतीवर गोकर्ण चढवली आहे. कोरांटी त्याच कुळातली आहे आणि तिच्या शेंगाही वाळून फुटतात, पण ती जमिनीखालून पसरत नाही, त्यामुळे तिची रोपे खुरप्याने सहज आवरतात. उरलेल्या जागेवर तीन-चार इंच उसाचे पाचट पसरले आहे. त्याखाली बारीक रोपे दबतात, ओल टिकते आणि उन्हाळ्यात भेगाही कमी पडतात.

आईसाठी रुएलियाचे एक झाड ठेवले आहे. ते निळ्या ड्रमच्या अर्ध्या भागात असून, ड्रम मातीवर न ठेवता सिमेंटच्या ओट्यावर विटा रचून ठेवला आहे, म्हणजे तळाच्या छिद्रातून मूळ बाहेर आले तर लगेच दिसते. फ्लॉरिडा विद्यापीठाने या झाडाचे निर्बीज वाण तयार केले आहेत. तसे रोप कुठे मिळाले तर या झाडाच्या जागी ते लावू, पण तेही ड्रममध्येच, कारण बी नसले तरी आडवे खोड असतेच.

२०२५ च्या पावसाळ्याच्या सुरुवातीला संपूर्ण अंगणात अकरा रोपे आणि पाच फुटवे निघाले. पाचही फुटवे पायरीच्या पायाखालून आले. तिथली खोडे पायरी फोडल्याशिवाय निघणार नाहीत आणि पायरी फोडायची नाही, असे घरात ठरले आहे. त्या कोपऱ्यात आता लाल खडूने एक खूण केली आहे आणि रविवारी शेंगा कापून झाल्या की आई प्रथम तिथे पाहते.